इंचभर उंचीची फौज : प्रस्तावना

सहा फूट उंचीचा माणूस बहात्तर पट लहान केला की बरोबर एक इंचाचा होतो. प्लास्टिकच्या सैनिकांच्या आणि विमानांच्या पेट्यांवर १/७२ हा आकडा वारंवार दिसतो, त्यामागे फूट-इंचांचा हा साधा हिशेब आहे. १९३६ साली इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने विमानांचे प्लास्टिकचे सुटे भाग जोडणीसाठी विकायला आले ते याच मापाचे. दुसऱ्या महायुद्धात आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे ओळखायला शिकवण्यासाठी जी छोटी विमानं बनवली गेली, त्यांतही हेच माप रूढ होतं. ते पुढे दुकानात आलं, दुकानातून घरात शिरलं आणि जगभरच्या हजारो माणसांनी त्या मापात फौजा उभ्या केल्या.

हे पुस्तक त्या फौजांबद्दल आहे. प्लास्टिकचे सैनिक, रणगाडे, तोफा जमवणं, त्यांचे भाग जोडून ते रंगवणं आणि मग टेबलावर डोंगर-नद्या मांडून, नियम आणि फासे घेऊन त्यांची लढाई खेळणं, असे या छंदाचे तीन भाग आहेत. अनेकदा एकच माणूस तिन्ही करतो, पण प्रत्येक वेळी त्याला त्याच शिपायाकडून वेगळं काही हवं असतं. संग्राहकाला पेटी न फोडलेली हवी असते. मॉडेल बांधणाऱ्याला कोटाच्या गुंड्या आणि पट्ट्याचं बक्कल बरोबर हवं असतं. खेळणाऱ्याला शिपाई शेकड्यांनी लागतात, परवडणारे लागतात आणि हाताळून मोडणार नाहीत इतके दणकट लागतात. तिघांचं समाधान करणारा शिपाई आजवर कोणी बनवलेला नाही. दुकानात मिळतो तो प्रत्येक शिपाई खरेपणा, किंमत आणि टिकाऊपणा यांच्यातली तडजोड असतो. टेबलावर खेळली जाणारी प्रत्येक लढाईही अशीच तडजोड असते. या तडजोडी ओळखता येणं हे या छंदातलं खरं शिक्षण, अशी माझी धारणा आहे आणि पुस्तकाची मांडणी तिच्यावरच बेतली आहे.

इतिहासापासून सुरुवात केली तर दोन वेगळे प्रवाह दिसतात. एका प्रवाहात खेळ होता पण शिपाई नव्हते. दुसऱ्यात शिपाई होते पण खेळ नव्हता.

पहिला प्रवाह प्रशियातला. ब्रन्सविकच्या हेलविगने १७८० साली बुद्धिबळाच्या धर्तीवर, चौकटींच्या मोठ्या पटावरचा युद्धखेळ तयार केला होता. १८१२ साली फॉन राइसवित्झ याने चौकटी काढून टाकल्या आणि राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्यासाठी प्लास्टरच्या ठोकळ्यांनी जमिनीचे उंचसखल भाग मांडता येतील असं टेबल बनवलं. वस्तू देखणी होती, पण राजवाड्याबाहेर कोण ठेवणार? त्याच्या मुलाने १८२४ साली टेबलाऐवजी १:८००० प्रमाणाचे कागदी नकाशे वापरले. फौजांसाठी शिशाचे निळे-लाल ठोकळे, अनिश्चितीसाठी फासे आणि दोन्ही बाजूंमध्ये एक पंच. प्रत्येक डाव म्हणजे प्रत्यक्ष युद्धातली दोन मिनिटं. प्रशियन जनरल स्टाफचा प्रमुख फॉन म्युफलिंग याने हा खेळ पाहिला आणि सैन्याला त्याची शिफारस केली. नकाशा आणि ठोकळे आल्यामुळे खेळ राजाच्या दालनातून पलटणीच्या खोलीत आला. त्यात गणवेश, चेहरा, घोडा यांपैकी काहीच नव्हतं, कारण अधिकाऱ्यांना त्याची गरजच नव्हती.

दुसरा प्रवाह लहान मुलांचा. न्युरेंबर्गचे कारागीर अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे सैनिक ओतत होते. लंडनच्या विल्यम ब्रिटन धाकटे यांनी १८९३ साली पोकळ ओतकामाची रीत काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं आणि बाहेरची साल घट्ट होताच आतलं उरलेलं शिसं परत काढून घ्यायचं. धातू वाचला, वजन घटलं आणि भरीव जर्मन शिपायांपुढे इंग्रज शिपाई स्वस्त पडू लागला. त्याची उंची होती ५४ मिलिमीटर. विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या आठवणींत लहानपणच्या सुमारे दीड हजार खेळण्यातल्या शिपायांबद्दल लिहिलं आहे. वडिलांनी ती फौज पाहिली आणि मुलाला लष्करात जायचं आहे का असं विचारलं, तिथून त्यांची दिशा ठरली असं ते सांगतात.

या दोन प्रवाहांचा संगम लेखकांनी घडवला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८१-८२ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या दावोसला प्रकृतीसाठी राहिला असताना सावत्र मुलासोबत माळ्यावर लढाया मांडत असे. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक काढलं आणि खेळाला छापील नियम मिळाले. पायदळ एका डावात एक फूट, घोडदळ दोन फूट, प्रत्येक डावाला वेळेची मर्यादा आणि शत्रूवर नेम धरायला लाकडी गोळ्या उडवणारी स्प्रिंगची खेळण्यातली तोफ. या नियमांत गंमत आहे, पण पुस्तकाच्या शेवटी वेल्स गंभीर होतो. ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती अशी जमिनीवर भागवावी, खरं युद्ध हा फार महागडा मूर्खपणा आहे, असा त्याचा रोख आहे. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

छंद म्हणून हे सगळं पसरायला प्लास्टिक यावं लागलं. हंगेरीहून इंग्लंडला आलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ साली एअरफिक्स ही कंपनी सुरू केली. आधी रबरी हवेची खेळणी, मग कंगवे, असं करत १९५२ साली वुलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज सुट्या भागांत मिळू लागलं आणि त्यानंतर स्पिटफायर विमान आलं. १९५९ मध्ये मऊ प्लास्टिकचे छोटे शिपाई आले. पहिला संच लढवय्यांचा नव्हता, वाद्यं वाजवणाऱ्या गार्ड्स बँडचा होता. हे शिपाई खेळण्यातल्या रेल्वेच्या मापाला जुळतील असे केलेले असल्यामुळे १/७२ पेक्षा किंचित लहान होते. १९६२ साली डोनल्ड फेदरस्टोन यांचं ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक आलं. महायुद्धात ते रणगाडा दलात होते आणि नंतर साउथहॅम्प्टन फुटबॉल क्लबचे फिजिओथेरपिस्ट झाले. शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत आता अख्खी पलटण येत होती आणि ती कशी लढवायची हे सांगणारं पुस्तकही हाताशी होतं. राजाच्या टेबलापासून इथवर यायला दीडशे वर्षं लागली. या प्रवासाचं बरंचसं श्रेय युद्धशास्त्राइतकंच साचेकामालाही जातं.

साच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शिपायाचं रूप साचाच ठरवतो. कठीण प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. ते वितळवून मोठ्या दाबाखाली पोलादी साच्यात घालतात. साच्याचे दोन भाग सरळ रेषेत उघडले पाहिजेत. शिपायाने बंदूक छातीशी आडवी धरली असेल तर बंदूक आणि छाती यांच्यामधल्या पोकळीतून पोलाद बाहेर निघणार कसं? मग एक तर ती पोकळी प्लास्टिकने भरून टाकायची, नाहीतर हात आणि बंदूक वेगळी देऊन चिकटवायला सांगायचं. जुन्या मऊ शिपायांच्या बगलेत जो प्लास्टिकचा गोळा दिसतो त्याचं कारण हे. नव्या पेटीत एका शिपायाचे पाच-सहा तुकडे असतात त्याचंही कारण हेच.

चिकटवण्यातही फरक आहे. पॉलिस्टायरीनवर लावायचा सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो आणि ते सुकताना एकजीव होतात. म्हणजे तो जोड वेल्डिंगच्या जातीचा असतो. जुन्या शिपायांच्या मऊ पॉलिथीनवर हा सिमेंट चालत नाही आणि रंगही धरत नाही. भाला वाकला की रंगाचा पापुद्रा सुटतो. म्हणून असे शिपाई आधी साबणाच्या पाण्यात धुऊन साच्याचा तेलकटपणा घालवावा लागतो आणि वर लवचीक थर द्यावा लागतो. आपल्याकडच्या हवेत आणखी एक गोष्ट सांभाळायची. पावसाळ्यात दमट दिवशी प्रायमरचा स्प्रे मारला की त्यावर पांढरट धुकं धरतं. मुंबई-कोकणातल्या मॉडेल बांधणाऱ्याने रंगकामाचं वेळापत्रक पंचांगापेक्षा वेधशाळेला विचारून ठरवावं.

पोलादी साचा महाग असतो, म्हणून ज्या फौजा हजारोंनी खपतील त्यांचेच साचे कापले जातात. नेपोलियनचे फ्रेंच, वेलिंग्टनचे इंग्रज, दुसऱ्या महायुद्धातले जर्मन यांच्या पेट्यांची रांग लागते. मराठा फौज हवी असेल तर बहुधा रबरी साच्यात ओतलेले धातूचे शिपाई शोधावे लागतात, नाहीतर दुसऱ्या कुठल्या तरी शिपायाचं डोकं सुरीने उतरवून त्यावर पुटीचं पागोटं चढवावं लागतं. थ्रीडी प्रिंटरने हे गणित अलीकडे बदलायला घेतलं आहे. साचाच नसेल तर खपाची अटही उरत नाही आणि एका माणसाला हवी असलेली पलटणही छापता येते.

टामियाचा १/३५ हा आकडाही अशाच अडचणीतून आला. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या या कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला तेव्हा तो मोटारीवर चालणारा होता. आत मोटार आणि बॅटरी मावेल एवढा तो मोठा ठेवावा लागला आणि त्यातून जे प्रमाण निघालं ते जगभर रणगाड्यांचं प्रमाण होऊन बसलं. खेळणाऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेले २८ मिलिमीटरचे शिपाई तर काटेकोर प्रमाणात नसतातच. त्यांची डोकी, पंजे आणि शस्त्रं मुद्दाम जाड असतात, कारण ते हातभर अंतरावरून, वरून पाहायचे असतात.

माप टेबलावर आलं की खरी ओढाताण सुरू होते. जुन्या मस्केट बंदुकीचा उपयोगी पल्ला सुमारे शंभर मीटर धरला तर १/७२ मध्ये तो साडेचार फूट होतो. नेहमीचं टेबल सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असतं. म्हणजे शिपायाच्या मापाने जमीन मोजली तर एका कडेचा शिपाई गोळी झाडून पलीकडच्या कडेच्या शिपायाला पाडू शकेल आणि कोणालाच हलायला जागा उरणार नाही. म्हणून जमिनीचं माप वेगळं ठेवतात, पल्ला काही इंचांवर आणतात आणि एक शिपाई म्हणजे वीस किंवा तीस माणसं असं धरतात. शिपाई एका मापात, जमीन दुसऱ्या मापात, वेळ तिसऱ्या मापात. हे विसंगत आहे, पण याशिवाय खेळ होत नाही.

आणखी अवघड तडजोड दृष्टीची आहे. टेबलाभोवती उभ्या असलेल्या खेळाडूला सगळं दिसतं. रणांगणावरच्या सेनापतीला धूर, झाडी आणि टेकडीची पाठ दिसते. यावरचा सर्वांत चांगला उपाय खेळण्यांच्या दुकानात सापडला नाही, तो लिव्हरपूलमध्ये सापडला. १९४२ साली कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी तिथे अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांविरुद्ध डावपेच शोधण्यासाठी जमिनीवर खेळायचा युद्धखेळ उभा केला. तो चालवणाऱ्या बहुतेक नौदलाच्या महिला दलातल्या तरुणी होत्या. जहाजावरचा अधिकारी पडद्यातल्या छोट्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच पाहून हुकूम देई. पाणबुडीची वाट हिरव्या खडूने अशी आखली जाई की त्या फटीतून ती नजरेत येऊ नये. या खोलीत सापडलेले डावपेच खऱ्या समुद्रात वापरले गेले. जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल ही त्यातली दोन नावं आता इतिहासात नीट नोंदली गेली आहेत.

मराठी वाचकाला ही गोष्ट आपल्याच मातीवर तपासता येते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनने, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर हल्ला केला. शिंद्यांचं कवायती पायदळ दहा-अकरा हजारांचं होतं आणि तोफा शंभरावर. वेलस्लीकडे मुख्य लढाईत उतरलेली माणसं सुमारे साडेचार हजार. कैलना नदी ओलांडायला उतार कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, म्हणजे ये-जा असणार, म्हणजे उतार असणार, असा अंदाज त्याने बांधला आणि तो खरा ठरला. तो बाजूने आलेला पाहून शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनानी पोलमान याच्या हाताखालच्या पलटणींनी कवायतीत आपली रांग फिरवून नवी आघाडी उभी केली. ते इतक्या शिस्तीत होईल अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. इंग्रजांनी लढाई जिंकली, पण दीड हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली.

ही लढाई परदेशातले वॉरगेमर आवडीने खेळतात. टेबलावर मात्र नदीचा उतार आधीच रंगवलेला असतो, म्हणून वेलस्लीच्या अंदाजातला धोका नाहीसा होतो. खेळात तो परत आणायचा तर पंच हवा, किंवा उतार कुठे हे फाशाने ठरवायला हवं. एका शिपायामागे वीस माणसं धरली तरी शिंद्यांच्या कवायती पायदळासाठीच पाचशेवर शिपाई रंगवावे लागतात. रंगवायला बसलं की प्रश्न येतात. कंपूतल्या, म्हणजे या कवायती पलटणींतल्या, शिपायाच्या डगल्याचा रंग कोणता, पागोटं कसं, निशाण कोणतं? लेखकाला ‘कवायती पायदळ’ असं लिहून पुढे जाता येतं. रंगवणाऱ्याला डगला बिनरंगाचा ठेवता येत नाही. आणि सगळं रंगवून झाल्यावरही टेबलावर बैल नसतात. वेलस्लीच्या दख्खनमधल्या पत्रव्यवहारात बैलांची आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांची चिंता सतत डोकावते. रसद पोचली नसती तर असई घडलीच नसती, पण नियमांच्या पुस्तकात बैलाला क्वचितच जागा असते.

काय दाखवायचं आणि काय वगळायचं हा वाद कधीकधी थेट इतिहासाचा वाद होतो. कॅप्टन विल्यम सायबोर्न यांनी वॉटर्लूच्या रणभूमीवर महिनोन्‌महिने राहून मोजणी केली, लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही नेमके कुठे होता असं विचारलं आणि हजारो इवल्या शिपायांचा देखावा उभा केला. १८३८ साली लंडनमध्ये तो लोकांना दाखवला गेला. त्यात प्रशियन फौज मोठ्या संख्येने मैदानात पोचलेली दिसत होती, म्हणजे विजयात त्यांचा वाटा मोठा ठरत होता. वेलिंग्टनच्या बाजूला ते रुचलं नाही. शेवटी सायबोर्नने हजारो प्रशियन शिपाई उचलून काढले. आज हा देखावा लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले होतात, त्यांवर मावळे उभे राहतात. तिथे माप पदाप्रमाणे असतं. सिंहासनावरचे महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. ही परंपरा या छंदाहून वेगळी आहे आणि पूर्ण आहे. पण ज्या घरात असा किल्ला झाला आहे, त्या घरातल्या मुलाला टेबलावरची टेकडी परकी वाटत नाही. रणगाड्यांचं वेड असलेल्यांनी अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम पाहावं. प्लास्टिकमध्ये हाताळलेल्या पॅटन, सेंच्युरियन, विजयंता यांच्या पोलादाजवळ उभं राहिलं की जोडरेषा, बोल्ट आणि गंज यांचं प्रमाण डोळ्यांत बसतं.

संग्राहकांसाठी दोन इशारे. जुनं मऊ प्लास्टिक वर्षांनुवर्षं उजेडात राहिलं की ठिसूळ होतं आणि शिपायाचा घोटा हात लावताच तुटतो. शिशाचे शिपाई ओकच्या लाकडी कपाटात ठेवले तर लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. जुन्या पेट्यांची किंमत पुष्कळदा आतल्या प्लास्टिकपेक्षा झाकणावरच्या चित्राला असते. साचे मात्र देशोदेशी फिरतात. फ्रॉगचा कारभार सत्तरच्या दशकात थांबला तेव्हा त्याचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले. जर्मनी-जपानच्या विमानांचे साचे तिथे नको होते, ते दुसऱ्या कंपनीकडे गेले. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती, तरी बाजू मिटल्या नव्हत्या.

तो मुद्दा आजही मिटलेला नाही. नाझी जर्मनीच्या रणगाड्यांच्या पेट्या भरपूर खपतात. यंत्र देखणं असतं, पण ते कोणासाठी आणि कशासाठी धावलं हे पेटीत येत नाही. जर्मनीत स्वस्तिकाच्या प्रदर्शनावर कायद्याचे निर्बंध असल्यामुळे अनेक पेट्यांतल्या डिकॅलवर (मॉडेलला चिकटवायच्या छापील चित्रांवर) ते चिन्ह तुकड्यांत छापलेलं असतं किंवा नसतंच. चिन्ह गाळल्याने प्रश्न सुटत नाही, पण प्रश्न आहे एवढं तरी कळतं. टेबलावरचं गाव हे नियमांत फक्त आडोसा असतं. तिथे राहणारी माणसं, त्यांची जनावरं, जाळलेलं पीक यांना आकडा नसतो. हे ठाऊक असूनही खेळता येतं. मीही खेळतो. ठाऊक नसताना खेळू नये, एवढाच आग्रह आहे.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिला साहित्याचा : प्लास्टिक, धातू, साचे, मापं. दुसरा हाताचा : कापणं, जोडणं, रंगवणं. तिसरा खेळाचा : नियम, फासे, पंच, टेबलावरची जमीन. चौथा संग्रहाचा. नवख्याने सुरुवातीला एकच पेटी घ्यावी, तीही आवडत्या लढाईतल्या सामान्य पायदळाची, आणि ती पूर्ण रंगवून मगच दुसरी आणावी. न फोडलेल्या पेट्यांचा ढीग हा या छंदातला सर्वांत जुना आजार आहे.

ज्याला फक्त रंगवायचं आहे त्याने तिसरा भाग सोडला तरी चालेल. ज्याला फक्त खेळायचं आहे त्याने मात्र दुसरा भाग सोडू नये आणि रंगवलेली तयार फौज विकत घेण्याची घाई करू नये. नियम वीस माणसांचा एक शिपाई करतात आणि फासे त्यातले किती उचलायचे ते सांगतात. तो शिपाई एकटा, जवळून, चेहऱ्यासकट पाहिला जातो तो फक्त रंगवताना. ज्याने एकेक करून पाचशे चेहरे रंगवले आहेत, तो खेळाडू पुढे टेबलावर ‘शंभर गेले’ असं म्हणताना थोडा तरी विचार करतो.